प्राणिचित्रित पत्तेसंच : गंजिफा आणि टॅरो

प्राणिचित्रित पत्तेसंच म्हणजे ज्या पत्त्यांवर राजे, सरदार, शस्त्रे, नाणी अशा परंपरागत चित्रांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला पशू, पक्षी व जलचर यांची चित्रे असतात असे संच. महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी येथे हाताने रंगविल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफा. या संचात मासा, कासव, वराह, सिंह अशा रूपांतील विष्णूचे अवतार आढळतात. या गंजिफांची तुलना त्यांच्याहून जुन्या मोगल गंजिफांशी केली जाते. युरोपात अशीच तुलना परंपरागत टॅरो संच व प्राणिचित्रांचे टॅरो संच यांच्यात होते. या दोन्ही तुलनांतून एक भेद स्पष्ट होतो. खेळात पत्त्यावरील प्राणी ही केवळ ओळखीची खूण असते. भविष्यकथनात मात्र तोच प्राणी पत्त्याचा अर्थ होतो.

गंजिफा : स्वरूप व इतिहास

गंजिफा हा शब्द फार्सी भाषेतून आला आहे. भारतातील गंजिफा सामान्यतः वाटोळ्या असतात. या पत्त्यांचा भारतातील एक प्रारंभीचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. सिंधमधील शाह हसन याला गंजिफांची आवड असल्यामुळे त्याने मागविलेला संच १५२७ मध्ये त्याच्याकडे पाठविल्याची नोंद बाबराने केली आहे.

अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात १४४ पत्त्यांच्या एका संचाचे वर्णन केले आहे. त्यात बारा रंग असून प्रत्येक रंगात बारा पत्ते होते. 'रंग' ही संज्ञा येथे, इस्पिक, बदाम, चौकट व किलवर यांप्रमाणे, एकाच खुणेच्या पत्त्यांच्या गटासाठी वापरली आहे. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नवपती अर्थात नौकांचा स्वामी, तिपती, सुरपती, असुरपती, वनपती आणि अहिपती ही त्या रंगांची नावे होत. त्यांपैकी चार रंग प्राण्यांशी निगडित आहेत. अश्वपती हा दिल्लीच्या राजासारखा घोड्यावर, तर गजपती हा ओडिशाच्या राजासारखा हत्तीवर बसलेला दाखवीत. वनपती व अहिपती या रंगांत तर मनुष्य नाहीच. वनपतीच्या रंगात मुख्य पत्त्यावर वाघ, प्रधानाच्या पत्त्यावर चित्ता आणि उरलेल्या पत्त्यांवर इतर वन्य पशू होते. अहिपतीच्या रंगात सर्व पत्त्यांवर नाग व सर्प होते. प्राणिचित्रित संच ही अलीकडची कल्पना नसून ती सोळाव्या शतकातील भारतात प्रचलित होती, हे या नोंदीवरून दिसते.

मोगल गंजिफा

पुढे सर्वाधिक प्रसार झाला तो आठ रंगांच्या संचाचा. त्यास मोगल गंजिफा म्हणतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा अंकी पत्ते, असे बारा पत्ते असतात. एकूण पत्ते ९६. रंगांची नावे दरबार व राज्यकारभाराशी संबंधित आहेत : ताज म्हणजे मुकुट, सफेद म्हणजे रुपेरी नाणे, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम म्हणजे सेवक, चंग म्हणजे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, बरात म्हणजे लेखी आज्ञापत्र आणि किमाश म्हणजे माल अथवा वस्त्र.

या आठ रंगांचे दोन गट पडतात. ताज, सफेद, शमशेर व गुलाम या चार रंगांत राजा व प्रधान यांच्याखाली दश्शी सर्वांत वरची व एक्का सर्वांत खालचा असतो. चंग, सुर्ख, बरात व किमाश या चार रंगांत हा क्रम उलटा असतो. तेथे प्रधानाच्या खालोखाल एक्का येतो आणि दश्शी सर्वांत हलकी ठरते. राजा व प्रधान यांचे स्थान मात्र दोन्ही गटांत तेच राहते.

दशावतारी गंजिफा

दशावतारी गंजिफांत दहा रंग व १२० पत्ते असतात. प्रत्येक रंग विष्णूच्या एका अवताराचा असून त्यातही राजा, प्रधान व दहा अंकी पत्ते हीच रचना आहे. राजाच्या पत्त्यावर स्वतः अवतार असतो, प्रधानाच्या पत्त्यावर बहुधा अश्वारूढ आकृती असते आणि अंकी पत्त्यांवर त्या अवताराची खूण अंकाइतक्या वेळा काढलेली असते. कूर्माच्या सत्तीवर सात कासवे आणि परशुरामाच्या पंजीवर पाच परशू, अशी ही योजना असते.

खुणा प्रदेशपरत्वे बदलतात. मत्स्यासाठी मासा, कूर्मासाठी कासव व परशुरामासाठी परशू या खुणा सहज ओळखता येतात. वराह व नरसिंह यांच्यासाठी काही संचांत त्या त्या प्राण्याचे रूप, तर काहींत शंख व चक्र ही विष्णूची आयुधे आढळतात. वामनासाठी कमंडलू किंवा छत्री, रामासाठी धनुष्यबाण किंवा वानर, कृष्णासाठी चक्र किंवा गाय आणि कल्कीसाठी तलवार किंवा घोडा काढतात. आठव्या स्थानी बलराम असल्यास नांगर ही खूण येते. नवव्या अवताराच्या स्थानी सामान्यतः बुद्ध मानला जातो. ओडिशात तेथे जगन्नाथ दाखवितात, तर महाराष्ट्रातील दशावताराच्या चित्रपरंपरेत त्या जागी काही वेळा विठ्ठल आढळतो.

दशावतारांच्या क्रमात प्राण्यांचे स्थान लक्षणीय आहे. मासा, कासव व वराह ही पहिली तीन रूपे पशूंची आहेत. चौथ्या नरसिंहात पशू व मनुष्य एकत्र येतात. पाचव्या वामनापासून मनुष्यरूप सुरू होते. शेवटच्या कल्कीबरोबर घोडा हा प्राणी वाहनरूपाने परत येतो. दक्षिण कोकणातील जत्रांमध्ये होणाऱ्या दशावतारी नाटकांमुळे तेथील प्रेक्षकांना हे अवतार आधीपासून परिचित असतात. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या खेळाडूलाही पत्त्यांवरील राजे ओळखणे कठीण नव्हते.

दोन्ही गंजिफांतील साम्य व भेद

मोगल गंजिफांवरील दरबारी खुणा जाऊन त्यांच्या जागी अवतार व प्राणी आले, तरी खेळाची घडण फारशी बदलली नाही. प्रत्येक रंगात बारा पत्ते, त्यांत राजा व प्रधान ही दोन चित्रे, अर्ध्या रंगांत सरळ व अर्ध्या रंगांत उलटा क्रम, ही सर्व अंगे दोन्ही संचांत समान आहेत. दशावतारी संचात हे विभाजन पाच-पाच रंगांचे असते.

खेळ बहुधा तिघांत होतो. मोगल संचात प्रत्येकाच्या वाट्याला ३२, तर दशावतारी संचात ४० पत्ते येतात. पत्ते उजवीकडून वाटले व खेळले जातात, म्हणजे फेरीची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. ब्रिज किंवा मेंढीकोट यांप्रमाणे येथेही हात करावयाचे असतात. परंतु हुकूम नसतो आणि उतारी झालेल्या रंगाचाच पत्ता टाकण्याचे बंधनही नसते. हात करावयाचा असल्यास मात्र त्याच रंगाचा वरचढ पत्ता टाकावा लागतो. एखाद्या रंगातील वरचे पत्ते निघून गेले की त्यात उरलेला सर्वांत वरचा पत्ता अजिंक्य ठरतो. म्हणून कोणता पत्ता पडला व कोणता शिल्लक आहे हे ध्यानात ठेवणे, हे या खेळातील मुख्य कौशल्य होय. अर्ध्या रंगांचा क्रम उलटा असल्यामुळे स्मरणशक्तीवरील ताण आणखी वाढतो.

पहिली उतारी कोणी करावयाची हा नियमही दोन्ही संचांत एकाच तत्त्वावर आधारलेला आहे. मोगल गंजिफांत दिवसा सुर्खचा राजा व रात्री सफेदचा राजा ज्याच्याकडे असेल तो खेळ सुरू करतो. सोनेरी नाणे सूर्याशी व रुपेरी नाणे चंद्राशी जोडले गेले आहे. दशावतारी गंजिफांत दिवसा रामाचा राजा व रात्री कृष्णाचा राजा हा मान घेतो. राम सूर्यवंशी व कृष्ण चंद्रवंशी मानला जातो, हे लक्षात घेतल्यास नवे चित्र जुन्या नियमात नेमके कसे बसविले गेले ते कळते. नाण्याच्या जागी देव आला. दिवस व रात्र यांचा नियम तसाच राहिला.

भेद आहे तो मुख्यतः तीन बाबतींत. रंगांची संख्या आठांवरून दहा झाली. खुणा राज्यकारभारातून पुराणकथेत गेल्या. आणि पत्ते हाताळणे हे काही घरांत नामस्मरणाचे निमित्त मानले जाऊ लागले, कारण प्रत्येक उतारीत देवाचे नाव उच्चारले जाई. मात्र कासवाचा पत्ता हाती आल्याने खेळाडूच्या आयुष्याविषयी काही सूचित होते, अशी समजूत खेळाच्या नियमांत कोठेही नाही.

टॅरो : खेळापासून भविष्यकथनापर्यंत

टॅरो पत्तेही मुळात खेळण्यासाठी तयार झाले. त्यांचा उगम पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत झाला. पूर्ण संचात ७८ पत्ते असतात : चार रंगांचे ५६ आणि वेगळे चित्रपत्ते २२. चार रंगांच्या खुणा दंड, चषक, तलवार व नाणे या आहेत. युरोपातील या खुणा इजिप्तच्या ममलूक राजवटीतील पत्त्यांवरून आल्या असे मानले जाते. तलवार व नाणे मोगल गंजिफांतही आढळतात; परंतु तेवढ्यावरून एक संच दुसऱ्यातून निघाला असे ठरत नाही.

प्रत्येक रंगात राजा, राणी, सरदार व सेवक हे चार चित्रपत्ते आणि दहा अंकी पत्ते असतात. २२ वेगळ्या पत्त्यांपैकी २१ क्रमांकित असून ते खेळात कायमच्या हुकमाचे काम करतात. बाविसावा 'मूर्ख' हा पत्ता खास नियमाने खेळला जातो. हा खेळ फ्रान्स, ऑस्ट्रिया व इटलीच्या काही भागांत आजही खेळला जातो.

टॅरोचा गूढविद्येशी संबंध अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडला गेला. १७८१ मध्ये फ्रेंच लेखक अंतोआन कूर द जेबलँ याने या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती; तिचा उलगडा शांपोल्याँ याने १८२२ मध्ये केला. इजिप्तशी या पत्त्यांचा संबंध असल्याचा पुरावा मिळालेला नाही. तरीही या मतामुळे पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा रुजली.

आज 'परंपरागत टॅरो' म्हणून जो संच बहुधा समोर ठेवला जातो, तो १९०९ मध्ये लंडन येथे रायडर या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याची योजना आर्थर एडवर्ड वेट याची व चित्रे पामेला कोलमन स्मिथ हिची आहेत. पूर्वीच्या बहुतेक संचांत अंकी पत्त्यांवर केवळ खुणा मोजून काढलेल्या असत, जशा त्या गंजिफांत असतात. स्मिथ हिने ४० अंकी पत्त्यांवरही प्रसंगचित्रे रंगविली. त्यामुळे प्रत्येक पत्त्याला कथेचे रूप आले आणि तो पाहून अर्थ सांगणे सोपे झाले. वेट याने 'न्याय' व 'बळ' या दोन पत्त्यांच्या क्रमांकांची अदलाबदलही केली. खेळात असा बदल महत्त्वाचा ठरला असता, कारण तेथे कोणता पत्ता वरचढ हे क्रमांकावरून ठरते. भविष्यकथनासाठी मात्र ही अदलाबदल अडचणीची ठरली नाही.

प्राणिचित्रांचे टॅरो संच

१९०९ च्या संचातही प्राणी आहेत. 'मूर्ख' या पत्त्यावर पायाशी कुत्रा आहे, 'बळ' या पत्त्यावर स्त्री सिंहाच्या जबड्याला हात लावते, 'चंद्र' या पत्त्यावर कुत्रा, लांडगा व पाण्यातून वर येणारा कवचधारी जलचर दिसतो आणि 'सूर्य' या पत्त्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेले बालक आहे. तथापि बहुतेक पत्त्यांत मनुष्य मध्यवर्ती असून प्राणी त्याच्या सोबतीला आहे.

प्राण्यांना मध्यवर्ती स्थान देणारे टॅरो संच युरोपात दोन वेगवेगळ्या काळांत, दोन वेगळ्या कारणांनी तयार झाले.

पहिला काळ अठराव्या शतकाच्या मध्याचा. जर्मन भाषक प्रदेशात व शेजारच्या देशांत निघालेल्या काही संचांत हुकमाच्या पत्त्यांवरील जुनी रूपकचित्रे काढून टाकून तेथे प्राणी छापले गेले. हे संच 'प्राणी-टॅरॉक' या अर्थाच्या जर्मन नावाने ओळखले जातात. खेळाडूंना पत्त्याचा क्रमांक हवा होता, चित्र नव्हे. म्हणून 'मृत्यू' किंवा 'सैतान' यांच्या जागी एखादा पशू आला तरी खेळात काहीच बिघडले नाही. मोगल दरबारी खुणांच्या जागी अवतार आले तेव्हा जे घडले, तेच येथेही घडले.

दुसरा काळ विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंतचा. या काळातील प्राणिचित्रित टॅरो संच खेळासाठी नसून चिंतन व भविष्यकथन यांसाठी असतात. त्यांतील बहुपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकी चित्रकर्ती किम क्रान्स हिचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द वाइल्ड अननोन टॅरो'. यात ७८ पत्ते व चार रंग कायम आहेत; पण मनुष्याकृती जवळजवळ नाहीत. बहुतांश चित्रे काळ्या रेघांची असून मोजक्या ठिकाणी रंग वापरला आहे. राजा, राणी, सरदार व सेवक यांच्या जागी पिता, माता, पुत्र व कन्या असे कुटुंब येते. दंडांच्या रंगात हे कुटुंब सापांचे, चषकांत हंसांचे, तलवारींत घुबडांचे व नाण्यांत हरणांचे आहे.

१९०९ च्या संचाशी याची तुलना केल्यास फरक पत्त्यागणिक दिसतो. जुन्या संचातील 'एकांतवासी' हा हाती कंदील घेतलेला वृद्ध आहे. नव्या संचात त्या जागी पाठीवर दिवा असलेले कासव आहे. जुन्या संचात 'टांगलेला मनुष्य' एका पायाने उलटा लटकतो. नव्यात त्या जागी वटवाघूळ आहे, ज्याची ती नैसर्गिकच अवस्था होय. शिक्षेचे किंवा त्यागाचे चित्र असे विश्रांतीचे चित्र होते. 'बळ' या पत्त्यावरील स्त्री नाहीशी होऊन सिंह तेवढा उरतो. त्यामुळे पशूला शांत करणारी शक्ती हा मूळ अर्थ मागे पडून पशूचीच शक्ती पुढे येते. म्हणजे चित्र बदलताच अर्थही बदलतो. प्राणी-टॅरॉकच्या बाबतीत असे झाले नव्हते.

एका प्राण्याची दोन रूपे

कासव हा प्राणी दशावतारी गंजिफांत व वरील आधुनिक टॅरो संचात, अशा दोन्हीकडे येतो. त्यावरून दोन परंपरांतील फरक थोडक्यात सांगता येतो. टॅरोमध्ये कासव एकाच पत्त्यावर असून ते एकांत व संथ शोध यांचे प्रतीक आहे. पत्ता समोर आला की वाचक त्या प्रतीकाचा अर्थ लावतो. गंजिफांत कूर्माच्या रंगाचे बारा पत्ते आहेत. राजाच्या पत्त्यावर स्वतः कूर्मावतार, आणि अंकी पत्त्यांवर एकापासून दहापर्यंत कासवे असतात. येथे समुद्रमंथनाची कथा ठाऊक असण्याने आनंद वाढतो, पण खेळाडूने मोजावयाची असतात ती कासवे. सात कासवे आठ कासवांवर मात करतात की आठ सातांवर, हे त्या रंगाचा क्रम सरळ आहे की उलटा यावर अवलंबून असते.

मुख्य संचांतील भेद पुढीलप्रमाणे :

| संच | पत्ते | रंग | चित्रविषय | मुख्य उपयोग |
|---|---|---|---|---|
| अकबराचा बारा रंगी संच | १४४ | १२ | राजे, सैन्य, देव-दानव, घोडा, हत्ती, वन्य पशू, सर्प | खेळ |
| मोगल गंजिफा | ९६ | ८ | मुकुट, नाणी, तलवार, सेवक, वाद्य, आज्ञापत्र, वस्त्र | खेळ |
| दशावतारी गंजिफा | १२० | १० | अवतार, प्राणी, आयुधे | खेळ |
| १९०९ चा टॅरो | ७८ | ४ व २२ वेगळे पत्ते | मनुष्यरूपके व प्रसंग | भविष्यकथन |
| 'द वाइल्ड अननोन टॅरो' | ७८ | ४ व २२ वेगळे पत्ते | प्राणी, पक्षी, वृक्ष | चिंतन, भविष्यकथन |

टॅरोवरून भविष्य कळते याला वैज्ञानिक आधार नाही. पिसलेल्या पत्त्यांतून कोणता पत्ता निघतो हे यदृच्छेवर अवलंबून असते. चित्राचा अर्थ लावताना प्रश्नकर्त्याच्या मनातील विचार स्पष्ट होतात, एवढेच त्याचे मूल्य काही अभ्यासक मानतात.

सावंतवाडीची परंपरा

सावंतवाडीत गंजिफा अठराव्या शतकात आल्या असे मानले जाते. तेलंगणातून शास्त्रचर्चेसाठी आलेल्या विद्वानांकडून तिसरे खेम सावंत भोसले यांच्या दरबाराला या खेळाची ओळख झाली, अशी परंपरागत समजूत आहे. लाखकाम व लाकडी खेळणी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेथील चितारी समाजाने गंजिफा रंगविण्याचे काम हाती घेतले.

गंजिफांचे दर्जानुसार दोन प्रकार होते. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपले अशा मौल्यवान वस्तूंवर केलेल्या संचांना दरबार कलम आणि कागद, कापड वा ताडपत्र यांच्यावरील स्वस्त संचांना बाजार कलम म्हणत. बाजार कलमाच्या पद्धतीत थर एकमेकांवर खळीने चिकटवून, वाळवून, वाटोळे कापून त्यांवर रंगाचा लेप देतात. घोटून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर कुंचल्याने चित्र काढतात आणि शेवटी लाखेचा संरक्षक थर चढवितात. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी निराळ्या वर्णाची ठेवतात, म्हणजे हातातील पत्ते पाहताच रंग ओळखता येतो. सर्व पत्त्यांची पाठ एकसारखी असावी लागते. हाताने केलेल्या कामात ही अट पाळणे अवघड असून त्यावरच संच खेळण्याजोगा आहे की नाही हे ठरते. पूर्ण संच चित्रे काढलेल्या लाकडी पेटीत ठेवतात.

एकोणिसाव्या शतकात छापील ५२ पत्त्यांचे स्वस्त संच सर्वत्र पोहोचले आणि गंजिफांची मागणी घटत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडीतही ही कला जाणणारे फारच थोडे उरले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस शिवरामराजे भोसले व त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून हे काम समजून घेतले. सत्वशीलादेवी यांनी स्वतः ते शिकून घेतले आणि राजवाड्यात कार्यशाळा सुरू करून नव्या कारागिरांना प्रशिक्षण दिले. त्यांचे निधन २०१८ मध्ये झाले. राजवाड्यातील कार्यशाळेत गंजिफा आजही हाताने रंगविल्या जातात. सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

गंजिफांच्या अभ्यासात रूडॉल्फ फॉन लायडन यांचे कार्य महत्त्वाचे आहे. जर्मनीत जन्मलेले हे कलासमीक्षक मुंबईत दीर्घकाळ राहिले. त्यांनी भारतभरातील संच जमविले आणि म्हैसूरच्या गंजिफांवर व एकूण भारतीय गंजिफांवर ग्रंथ लिहिले. महाराष्ट्राबाहेर ओडिशातील रघुराजपूर, बंगालमधील विष्णुपूर आणि कर्नाटकातील म्हैसूर ही गंजिफांची प्रमुख केंद्रे होत. म्हैसूर येथे तिसरे कृष्णराज वडियार यांच्या प्रोत्साहनाने अनेक नवे व मोठे संच योजले गेले.

संच ओळखण्याची पद्धत

संग्रहालयात किंवा घरातील जुन्या पेटीत गंजिफा आढळल्यास पुढील क्रमाने संचाचा प्रकार ठरविता येतो.

* प्रथम पार्श्वभूमीच्या वर्णानुसार पत्ते वेगळे करून रंगांची संख्या मोजावी. आठ रंग असल्यास संच बहुधा मोगल, दहा असल्यास बहुधा दशावतारी असतो.
* प्रत्येक रंगात बारा पत्ते आहेत का ते पाहावे. कमी असल्यास संच अपूर्ण आहे.
* एक्क्यावरील एकमेव खूण पाहून रंगाचे नाव ठरवावे. राजाच्या चित्रावरून नाव ठरविण्यापेक्षा ही पद्धत अधिक विश्वसनीय आहे, कारण रंगांचे थर उडाल्यास राजांच्या चित्रांतील बारकावे प्रथम नाहीसे होतात.
* शंख, चक्र किंवा तलवार ही खूण एकाहून अधिक अवतारांकडे जाऊ शकते. अशा वेळी राजाचे चित्र व उरलेले रंग यांची सांगड घालून निर्णय करावा.
* अंकी पत्त्यांवर अंक लिहिलेला नसतो. खुणा मोजाव्या लागतात.

सद्यस्थिती

सावंतवाडीच्या गंजिफा आज प्रामुख्याने भेटवस्तू, भिंतीवरील शोभेची चित्रे व संग्राह्य वस्तू म्हणून विकत घेतल्या जातात. हाताने रंगविलेल्या संचाची किंमत व नाजूकपणा यांमुळे तो पिसून खेळण्यास ग्राहक धजत नाही. परिणामी रंगविणारे कारागीर टिकले, पण खेळणारे दुर्मिळ झाले. चितारणे ही कला हातांत जपली जाते, तर खेळ दोन-तीन माणसांच्या बैठकीत जपला जातो; एक टिकल्याने दुसरा आपोआप टिकत नाही.

याचा परिणाम पत्त्यांच्या आकलनावर होतो. क्रम व नियम विसरले गेले की गंजिफा पाहणाऱ्यासमोर केवळ चित्र उरते, आणि मासा, कासव किंवा सिंह यांचा अर्थ टॅरोप्रमाणे प्रतीकातून शोधला जाऊ लागतो. टॅरोच्या इतिहासात हे स्थित्यंतर अठराव्या शतकात घडले. तेथे खेळ काही प्रदेशांत टिकून राहिला म्हणूनच पत्त्यांचे मूळ स्वरूप अभ्यासकांना निश्चित करता आले. गंजिफांच्या बाबतीत दहा रंग, त्यांतील सरळ व उलटा क्रम आणि दिवसा राम व रात्री कृष्ण हा उतारीचा नियम या गोष्टी लिहून ठेवता येण्याजोग्या व थोड्या वेळात शिकविता येण्याजोग्या आहेत. त्या शिकण्यासाठी हस्तचित्रित संच आवश्यक नसतो. जाड पुठ्ठ्याच्या १२० वाटोळ्या चकत्यांवर खुणा काढून विद्यार्थ्यांनाही हा खेळ खेळता येतो.